लाजाळूची वीज, दोन पेन्सिल सेलवर

मागच्या उन्हाळ्यात माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर एक अप्रतिम सिग्नल यायचा. तेवढाच उंच, तेवढाच रुंद, दर काही मिनिटांनी. लाजाळूचं झाड कोणी हात न लावताही आपोआप उत्तेजित होतंय, असं समजून मी दोन दिवस खूश होतो. तिसऱ्या दिवशी भाची आली आणि म्हणाली, "मामा, फ्रिज चालू झाला की तुझी रेघ उडून राहिली." फ्रिजचं बटण बंद केलं, आणि माझा शोधही बंद पडला.

हा लेख त्यांच्यासाठी आहे, ज्यांना जिवंत पेशींची वीज घरच्या टेबलावर, कमीत कमी करंटमध्ये आणि हाती येणाऱ्या भागांतून नोंदवायची आहे. सोल्डरिंग थोडंफार येत असावं, मल्टिमीटर वापरता यावा, बास. सुरुवात लाजाळूपासून करायची. बेडूक, झुरळ यांच्या वाटेला जाऊ नका. प्राण्यांवरच्या प्रयोगांना रीतसर परवानग्या लागतात. आणि हे सर्किट स्वतःच्या किंवा कोणाच्याही अंगाला जोडायचं नाही. त्यासाठी सुरक्षेचे वेगळे नियम आहेत, ते या सर्किटमध्ये पाळलेले नाहीत.

एक खुलासा सुरुवातीलाच. मराठीत 'सेल' म्हटलं की बॅटरी डोळ्यांसमोर येते. म्हणून पुढे सगळीकडे 'सेल' म्हणजे दुकानातला आणि 'पेशी' म्हणजे झाडातली.

आधी पेशीला विचारा, मग चिप घ्या

नवखा माणूस नागपुरात बर्डीवर, म्हणजे सुट्या भागांच्या बाजारात, जातो आणि दुकानदाराला विचारतो, "चांगला अ‍ॅम्प्लिफायर कोणता?" हा प्रश्नच उलटा आहे. पेशीचा सिग्नल केवढा आणि किती वेगाचा, यावरून किती करंट जाळावा लागेल ते ठरतं.

जिवंत पेशीच्या आत बाहेरच्या तुलनेत उणे विद्युतदाब असतो. वनस्पतीच्या पेशीत तो साधारण उणे दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास असतो. लाजाळूला स्पर्श झाला की पेशीत कॅल्शियम शिरतं, क्लोराइड बाहेर पडतं, दाब एकदम शून्याकडे सरकतो आणि मग पोटॅशियम बाहेर पडून गाडी मूळ जागी येते. प्राण्यांच्या मज्जापेशीत हेच काम सोडियम आत शिरून होतं, तेही एका मिलिसेकंदात. लाजाळूला त्यासाठी सेकंद, दोन सेकंद, कधी जास्तही लागतात. देठातून हा सिग्नल सेकंदाला साधारण २ ते ३ सेंटिमीटर सरकतो. मग पानाच्या बुडाशी जी फुगीर गाठ असते, तिच्या पेशींतून क्षार बाहेर जातात, त्यांच्यामागून पाणी जातं आणि देठ खाली पडतो.

आपण सुई पेशीत खुपसणार नाही, बाहेरूनच ऐकणार. बाहेर मिळतात ते काही मिलिव्होल्ट, नशीब चांगलं असेल तर दहांच्या पटीत. म्हणजे सिग्नल मोठा आणि संथ. दहा हर्ट्झच्या वरचं काहीही आपल्या कामाचं नाही.

आता मेंदूतली मज्जापेशी घ्या. तिच्या शेजारी तार ठेवली तर ५० ते ५०० मायक्रोव्होल्टचे, एका मिलिसेकंदाचे टोचे मिळतात. त्यांच्यासाठी काही हजार हर्ट्झपर्यंत ऐकावं लागतं, आणि अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची खरखर (नॉइज) पाचेक मायक्रोव्होल्टच्या आत ठेवावी लागते. खरखर निम्मी करायची तर करंट साधारण चौपट द्यावा लागतो, हा ट्रान्झिस्टरचा स्वभाव आहे. २००३ मध्ये हॅरिसन आणि चार्ल्स यांनी मज्जासंस्थेसाठी केलेला एक अ‍ॅम्प्लिफायर आजही शिकवला जातो. खरखर २.२ मायक्रोव्होल्ट, ऐकण्याचा पट्टा ०.०२५ हर्ट्झपासून ७.२ किलोहर्ट्झपर्यंत, आणि खर्च ८० मायक्रोवॉट. तिथे वीज वाचवायची ती फक्त बॅटरीसाठी नव्हे. मेंदूत बसवलेली चिप गरम झाली तर ज्या पेशींचं ऐकायचं त्याच मरतील. आजूबाजूचं तापमान एक-दोन अंशही वाढू द्यायचं नसतं.

आपली लाजाळू मात्र निवांत आहे. तिचा संथपणा हीच आपली बॅटरी.

बॅटरीच का

भिंतीतल्या प्लगवर चालणारा ॲडाप्टर लावला तर काय बिघडतं? वीज बिल नाही वाढत. पण ॲडाप्टरच्या तारेतून ५० हर्ट्झची गुणगुण तुमच्या सर्किटमध्ये उतरते. झाड म्हणजे ओली, फांद्या पसरलेली ॲन्टेना. घरातल्या प्रत्येक वायरीची गुणगुण ती गोळा करते. सर्किट जमिनीपासून, म्हणजे अर्थिंगपासून, पूर्ण सुटं असेल तर ही गुणगुण झाड आणि सर्किट दोघांवर मिळून येते, दोघं एकत्र वरखाली होतात आणि फरक फारसा उरत नाही. सर्किट प्लगला बांधलेलं असेल तर झाड हलतं, सर्किट जागेवर राहतं, आणि तो फरक तुम्हाला सिग्नल म्हणून दिसतो. म्हणून बॅटरी आधी शांततेसाठी, बचतीसाठी नंतर. आणि कमी करंटचं सर्किट असलं की दोन पेन्सिल सेल महिनोन्‌महिने पुरतात, प्लगकडे जायचा मोहच होत नाही.

लॅपटॉपला जोडायचं असेल तेव्हा लॅपटॉपचा चार्जरही काढा. हे नवखे लोक हमखास विसरतात.

काय आणायचं

बर्डीवर सुट्या भागांच्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळेल असंच सगळं आहे.

एक, एमसीपी ६००२ नावाचा ऑप-अ‍ॅम्प, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची चिप, आठ पायांची, ब्रेडबोर्डवर बसणारी. एका पाकिटात दोन अ‍ॅम्प्लिफायर, प्रत्येकी १०० मायक्रोअ‍ॅम्पीअर. हाताशी आला तर एमसीपी ६०४२ घ्या, तो प्रत्येकी फक्त ०.६ मायक्रोअ‍ॅम्पीअर खातो. दीडशे पटींहून कमी! त्याची किंमत म्हणून खरखर सुमारे सहापट वाढते आणि वेग बराच घटतो, पण दहा हर्ट्झच्या संथ सिग्नलसाठी दोन्ही चालतं. पाय दोघांचे सारखेच, म्हणून आधी ६००२ वर शिका, मग काढून ६०४२ लावा.

दोन, एडीएस १११५ चं छोटं मॉड्यूल. हा सोळा बिटांचा ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, म्हणजे विद्युतदाबाचे आकडे करणारी चिप. सतत चालला तर १५० मायक्रोअ‍ॅम्पीअर. सर्वांत संवेदनशील पट्ट्यावर, म्हणजे अधिक-उणे ०.२५६ व्होल्टवर, त्याची एक पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची. आपला सिग्नल मिलिव्होल्टमधला, म्हणजे हजार-दोन हजार पायऱ्या सहज मिळतात. वेगळा महागडा अ‍ॅम्प्लिफायर नकोच.

तीन, आर्डुइनो प्रो मिनी, म्हणजे प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड, ३.३ व्होल्ट आणि ८ मेगाहर्ट्झवाला. उनो नको. उनो बोर्ड काहीही न करता ४५ मिलिअ‍ॅम्पीअरच्या आसपास खातो. वायफायवाले बोर्डही आत्ता नकोत. ते बोलायला लागले की शेकडो मिलिअ‍ॅम्पीअरचे हिसके देतात आणि तेच हिसके रेघेत उमटतात.

बाकी किरकोळ: १ मेगाओहमचे चार रेझिस्टर, १० किलोओहमचे तीन, १ मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर, ०.१ मायक्रोफॅरडचे दोन, पेन्सिल सेलचा दोनाचा डबा, एक जास्तीचा सेल, एक पुशबटण.

काय आणायचं नाही तेही सांगतो. एलएम ३५८ स्वस्त आहे, सगळ्या दुकानांत आहे, पण तो इनपुटमधून साधारण ४५ नॅनोअ‍ॅम्पीअर करंट वाहवतो. झाडाचा आणि इलेक्ट्रोडचा मिळून विरोध १ मेगाओहम धरला तर या करंटनेच ४५ मिलिव्होल्टचा खोटा दाब तयार होतो, म्हणजे सिग्नलपेक्षा मोठा. एमसीपीचा इनपुट करंट १ पिकोअ‍ॅम्पीअरच्या घरात. दुसरं म्हणजे हृदयाचे ठोके मोजायचं एडी ८२३२ मॉड्यूल. ते १७० मायक्रोअ‍ॅम्पीअरमध्ये चालतं म्हणून पोरं हमखास घेऊन येतात. पण त्या मॉड्यूलमध्ये अर्ध्या हर्ट्झच्या खालचं सगळं गाळून टाकतात. आपल्या लाजाळूचा जीव त्या खालच्या भागातच आहे. मॉड्यूल वाईट नाही, ते दुसऱ्या पेशींसाठी बनवलंय.

इलेक्ट्रोड: इथे घाई करू नका

बिघडलेल्या दहा प्रयोगांत आठ इथे बिघडलेले असतात, सर्किटमध्ये नाही.

तांब्याची तार थेट झाडाला लावली तर ओलाव्याशी तिची रासायनिक क्रिया चालूच राहते आणि दाब तासन्‌तास सरकत राहतो. शिवाय तांबं पेशींना विषारी. उपाय जुना आहे: चांदीची तार, तिच्यावर चांदीच्या क्लोराइडचा थर. धातूतले इलेक्ट्रॉन आणि रसातले क्लोराइड आयन यांच्यातली देवाणघेवाण या थरातून शांतपणे होते.

चांदी इतवारीतल्या सराफ्यात मिळते. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची शुद्ध तार मागा, हातभर पुरे. ९२.५ टक्क्यांची दागिन्यांची चांदी घेऊ नका, तिच्यात तांबं मिसळलेलं असतं. सराफ विचारेल, "काय बनवायचं?" लाजाळूसाठी म्हटलं तर हसेल, हसू द्या.

पाच-पाच सेंटिमीटरचे तुकडे करा. बारीक सँडपेपरने घासून, धुऊन, शेवटचे दोन सेंटिमीटर कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये अर्धा तास बुडवून ठेवा. चांदी करडी-जांभळी, मग काळपट होते. खिडकी उघडी ठेवा, आणि ब्लीचच्या जवळपास संडास साफ करायचं ॲसिड अजिबात आणू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच नसेल तर मिठाच्या पाण्यात तार दीड व्होल्टच्या सेलच्या अधिक टोकाला जोडा, उणे टोकाला पेन्सिलची शिशी, पाच-दहा मिनिटांत थर बसतो. दोन्ही तारा एकाच वेळी, एकाच भांड्यात करा. जुळ्या इलेक्ट्रोडमधला फरक काही मिलिव्होल्टच राहतो, वेगवेगळ्या दिवशी केलेले भावंडांसारखे भांडतात.

तपासणी सोपी: दोन्ही टोकं वाटीभर सौम्य मिठाच्या पाण्यात ठेवा, मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावा. आकडा पाच-सहाच्या आत आणि पाच मिनिटं स्थिर असेल तर पास. नाही तर पुन्हा घासा, पुन्हा बुडवा.

तार आणि देठ यांच्यामध्ये ओलावा हवा. मेडिकलच्या दुकानातलं ईसीजी जेल चालतं, पण ते खारट असतं. तासाभराच्या नोंदीला ठीक, रात्रभर ठेवलं तर देठ काळा पडतो. मी चायना ग्रास वापरतो, किराणा दुकानातलंच. कपभर पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर चायना ग्रास उकळायचं, थंड झालं की मऊ वडी तयार. तिचा गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा देठावर, त्यात चांदीचं टोक. वरून प्लास्टिकच्या पिशवीची बारीक पट्टी सैल गुंडाळायची, नाही तर आपल्या मे महिन्यात पंधरा मिनिटांत जेल पापडासारखं वाळतं. डाग दिलेला सांधा, म्हणजे चांदी आणि साध्या वायरीची जोडणी, ओल्या भागापासून लांब ठेवा.

तीन इलेक्ट्रोड लागतात. पहिला पानाच्या देठावर मध्यावर, दुसरा खाली खोडावर, तिसरा कुंडीतल्या ओल्या मातीत.

सर्किट

दोन पेन्सिल सेल एकापुढे एक, म्हणजे ३ व्होल्ट. ऑप-अ‍ॅम्पचा आठवा पाय अधिकला, चौथा उणेला, मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अगदी चिपला खेटून.

पहिला आणि दुसरा पाय एकमेकांना जोडा, सहावा आणि सातवाही. झाले दोन बफर. देठाचा इलेक्ट्रोड तिसऱ्या पायाला, खोडाचा पाचव्याला. बफर दाब वाढवत नाही, तो फक्त झाडाला ओझ्यापासून वाचवतो. हे ओझं कसलं? सर्वांत संवेदनशील पट्ट्यावर एडीएस १११५ चा स्वतःचा इनपुट विरोध सुमारे ७१० किलोओहमच असतो. १ मेगाओहमचं झाड त्याला थेट जोडलं तर सिग्नलचा चाळीसेक टक्के भागच पोहोचतो, बाकी वाटेत संपतो. बफर मध्ये आला की सगळा पोहोचतो.

पहिल्या आणि सातव्या पायापासून प्रत्येकी १० किलोओहम, पुढे १ मायक्रोफॅरड उणेकडे, आणि तिथून एडीएसच्या शून्य आणि एक क्रमांकाच्या इनपुटला. ही गाळणी १६ हर्ट्झच्या वरचं दाबते. सिरॅमिक कपॅसिटर असले तर एकाच पट्टीतले दोन घ्या.

आता मातीचा इलेक्ट्रोड. अधिक आणि उणे यांच्यामध्ये १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावा, मधल्या सांध्यापासून उणेकडे १ मायक्रोफॅरड, आणि तो सांधा मातीत. यामुळे अख्खं झाड दीड व्होल्टवर, म्हणजे दोन्ही टोकांच्या मधोमध बसतं. हे केलं नाही तर झाड कुठेतरी तरंगत राहतं, रेघ एका कडेला चिकटते आणि तुम्ही चिपला शिव्या देता. या दुभाजकाचा खर्च फक्त दीड मायक्रोअ‍ॅम्पीअर.

एडीएस आणि प्रो मिनी यांच्यात चार तारा: अधिक, उणे, डेटा, घड्याळ. प्रो मिनीला ३ व्होल्ट त्याच्या व्हीसीसी पायावर द्या, रॉ पायावर नको. बोर्डवरचा लाल एलईडी डाग काढून उपटून टाका. तो कोणाच्याही उपयोगाचा नाही आणि पूर्ण ॲनालॉग भागापेक्षा जास्त करंट एकटाच खातो.

प्रोग्रामबद्दल फार बोलत नाही, एडीएसची तयार लायब्ररी घ्या, इनपुट शून्य आणि एकमधला फरक वाचा, गती सुरुवातीला सेकंदाला ८ ठेवा. त्या गतीवर ५० हर्ट्झची गुणगुण आपोआप बरीच दबते. लॅपटॉपकडे पाठवताना बोर्डाची डेटा बाहेर नेणारी एकच तार आणि ग्राउंड, एवढंच यूएसबी-सिरीयल अडॅप्टरला जोडा, अडॅप्टर ३.३ व्होल्टचा. प्रोग्राम चढवताना बॅटरी काढलेली असू द्या.

आधी खोटं झाड

लाजाळूला हात लावण्याआधी हे कराच. जास्तीचा दीड व्होल्टचा सेल, त्याला पुशबटणातून १ मेगाओहम आणि १० किलोओहम एकापुढे एक. १० किलोओहमच्या दोन टोकांवर बटण दाबलं की साधारण १५ मिलिव्होल्ट मिळतात. एक टोक आपल्या दीड व्होल्टच्या मधल्या सांध्याला आणि खोडाच्या इनपुटला. दुसरं टोक आणखी एका १ मेगाओहममधून देठाच्या इनपुटला. हे झालं तुमचं खोटं झाड: झाडाएवढाच विरोध, झाडाएवढाच सिग्नल, आणि पाणी घालायची गरज नाही.

बटण दाबा. आकडा साधारण १९०० पायऱ्यांनी उडायला हवा, सोडल्यावर खाली यायला हवा. दिशा उलटी आली तर इनपुट अदलाबदल झालेत. बटण न दाबताही काही मिलिव्होल्टचा कायमचा फरक दिसेल, तो ऑप-अ‍ॅम्पचा जन्मजात दोष, वजा करून टाका. बटण दाबल्यावर पाच-दहा सेकंद रेघ हळूहळू घसरत असेल तर ब्रेडबोर्ड किंवा चिकट फ्लक्समधून करंट गळतोय. पावसाळ्यात हे फार होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, पुसा, वाळवा.

खोट्या झाडावर चालत नाही तोवर खऱ्याकडे जाऊ नका. एरवी बिघाड चिपमध्ये, तारेत, जेलमध्ये की झाडात, हे शोधताना आठवडा जातो.

कूलरचा महिना

मार्च संपता संपता नागपूरच्या घराघरांत कूलर लागतो आणि तेव्हापासून जूनपर्यंत आपल्या प्रयोगाचा शत्रू खिडकीतच बसलेला असतो. पंख्याची मोटर गुणगुणते, पाण्याचा पंप चालू-बंद होताना टोचा मारतो, वर वाऱ्याने पानं हलतात. तिन्ही त्रास वेगळे, उपायही वेगळे.

गुणगुणीसाठी पत्र्याचा डबा. दिवाळीच्या फराळाचा मोठा डबा आडवा ठेवा, कुंडी आणि सर्किट दोन्ही आत, डब्याला एक तार सर्किटच्या उणेशी जोडलेली. डबा मावत नसेल तर खोक्याला आतून ॲल्युमिनियम फॉइल. इलेक्ट्रोडच्या तारा वीतभरच ठेवा आणि एकमेकींना पिळा. टोचे टाळायला नोंदीपुरता कूलर बंद, आणि फ्रिजवर एक डोळा. वाऱ्याला तर डबाच पुरे.

उष्णतेने खरखर वाढते का, असं मला पुष्कळ जण विचारतात. १ मेगाओहमच्या रेझिस्टरची स्वतःची उष्णतेची खरखर दहा हर्ट्झच्या पट्ट्यात ०.४ मायक्रोव्होल्ट असते, आणि २७ अंशांवरून ४५ अंशांवर गेलं तरी ती तीनेक टक्क्यांनीच वाढते. उन्हाने त्रास होतो तो जेलला आणि लाजाळूला. सकाळी आठ-नऊच्या आत, झाडाला पाणी घालून तासभर झाल्यावर बसा.

खरं झाड

इलेक्ट्रोड लावताना लाजाळू मिटणारच. वीसेक मिनिटं काही करू नका, चहा घ्या. पानं उघडली, रेघ स्थिर झाली, की सुरू करा.

टोकाच्या पर्णिकेवर बर्फाच्या पाण्याचा एक थेंब सोडा. बोटाने टिचकी मारण्यापेक्षा हे चांगलं, कारण थेंबाने देठ हलत नाही. पर्णिका मिटत मिटत येतील, सिग्नल देठावरून सरकेल, आणि इलेक्ट्रोड ५ सेंटिमीटरवर असेल तर दोनेक सेकंदांनी रेघ उडेल. त्यानंतर देठ खाली पडेल. हा क्रम महत्त्वाचा आहे. रेघ आधी, देठ नंतर. देठ पडला त्याच क्षणी रेघ उडाली असेल तर तुम्ही पेशींचं काही ऐकलं नाही, जेलमध्ये तार हलली ते ऐकलं.

खात्री करायची तर झाडाच्या जागी ओली सुतळी ताणून तेच तीन इलेक्ट्रोड लावा आणि तिच्यावरही थेंब सोडा. सुतळीनेही तसाच सिग्नल दिला तर वही मिटवून इलेक्ट्रोडच्या पायरीवर परत. मी हे केलं तेव्हा भाची म्हणाली, "सुतळी लाजून राहिली ना मामा!"

प्रत्येक थेंबानंतर पंधरा-वीस मिनिटं थांबा, पानं पूर्ण उघडल्याशिवाय पुढचा थेंब नाही. रात्री लाजाळू तशीही मिटते, रात्रीचे आकडे दिवसाच्या आकड्यांत मिसळू नका. पान जाळून किंवा कापून पाहिलं तर वेगळाच, हळू आणि लांबलचक सिग्नल येतो, त्याचं कारणही वेगळं आहे. ती जखम आहे. नवख्याने थंड थेंबावरच राहावं.

या वाटेवरून आपल्याकडचा फार मोठा माणूस आधी गेलेला आहे. ब्रिटनमध्ये बर्डन-सँडरसन यांनी १८७३ मध्ये माशीखाऊ वनस्पतीच्या पानातली वीज मोजली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात लाजाळूवर वर्षानुवर्षं मोजमाप केलं. त्यांच्याजवळ ट्रान्झिस्टर नव्हता.

करंटचा हिशेब

आता मजेचा भाग. सगळं सतत चालू असताना: दोन बफर २०० मायक्रोअ‍ॅम्पीअर, एडीएस १५०, दुभाजक दीड, आणि प्रो मिनीची चिप साधारण ३ मिलिअ‍ॅम्पीअर. एकूण साडेतीनच्या घरात. पेन्सिल सेल २००० मिलिअ‍ॅम्पीअर-तासांचे धरले तर ५७० तास, म्हणजे तेवीस-चोवीस दिवस. उनो असता तर ४४ तास.

पण पाहा, साडेतीनपैकी तीन जातात ते झाडाचं ऐकण्यात नाही, आकडे मोजणाऱ्या चिपने नुसतं जागं राहण्यात. मग तिला झोपवायचं. तिच्या आतल्या वॉचडॉग घड्याळावर १२५ मिलिसेकंदांची झोप लावता येते, झोपेत ती पाचेक मायक्रोअ‍ॅम्पीअर घेते. सेकंदातून आठदा उठून दोन-दोन मिलिसेकंद काम केलं तर सरासरी ५० मायक्रोअ‍ॅम्पीअर. एडीएसलाही एकेका वाचनापुरतं उठवा आणि त्याची गती ८६० करा, एका वाचनाला सव्वा मिलिसेकंद लागतो आणि मग तो स्वतःच झोपतो, सरासरी दोनेक मायक्रोअ‍ॅम्पीअर. खरखर थोडी वाढते आणि गुणगुण दाबली जायची ती फुकटची सोय जाते, तेव्हा डबा पक्का हवा. बफरच्या जागी ६०४२ आला की तिथे सव्वा. सगळं मिळून साठेक मायक्रोअ‍ॅम्पीअर. हाच संच घड्याळातल्या २२० मिलिअ‍ॅम्पीअर-तासांच्या गोल सेलवर हिशेबाने पाच महिने चालेल, आणि पेन्सिल सेल तर त्यांच्या स्वतःच्या म्हातारपणानेच संपतील.

अर्थात आकडे साठवायचे कुठे, हा प्रश्न राहतो. एसडी कार्ड लिहिताना दहांच्या पटीत मिलिअ‍ॅम्पीअर घेतं आणि रेघेत टोचा पाडतं. आकडे चिपच्या स्मृतीत जमवा आणि अर्ध्या मिनिटातून एकदा एकगठ्ठा लिहा, लिहिण्याच्या आधी-नंतरची दोन वाचनं टाकून द्या. सेलचा दाब २.४ व्होल्टच्या खाली गेला की ८ मेगाहर्ट्झवर चिपचा भरवसा नाही, तेव्हा दाबाचा आकडाही दर तासाला लिहून ठेवा.

आणि फाइलच्या शेजारी एक साधी कागदी वही. तारीख, वेळ, खोलीचं तापमान, झाडाला पाणी कधी घातलं, जेल कधी बदललं, थेंब कितव्या पर्णिकेवर सोडला, इलेक्ट्रोडमधलं अंतर मिलिमीटरमध्ये. शेवटचा रकाना माझ्या वहीत भाचीने आखून दिलाय: फ्रिज चालू की बंद, कूलर चालू की बंद.